अँगूनला जावं का? जावं, पण १८८२ साली काय घडलं ते वाचून

अलास्काच्या सहलीत राजधानी ज्यूनोहून अँगूनला वाकडी वाट करून जावं का, तिथे बघण्यासारखं काही नाही असं ऐकलं, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते जरूर जा आणि एक मुक्काम तरी करा.

ॲडमिरल्टी बेटावरचं हे एकमेव कायमचं गाव. वस्ती जेमतेम साडेतीनशे, बहुतेक त्लिंगिट, म्हणजे इथले मूळनिवासी. एका बाजूला चॅथम सामुद्रधुनी, दुसऱ्या बाजूला कूट्झनाहू खाडी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर घरं. विमानतळ नाही, फेरीबोटीने किंवा पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने जायचं. बेटावर अस्वलं माणसांपेक्षा कितीतरी जास्त, सुमारे दीड हजार.

पण मुख्य गोष्ट इतिहासाची. १८८२ साली जवळच्या किलिसनूच्या व्यापारी कंपनीच्या बोटीवर देवमाशाच्या शिकारीचा बॉम्बगोळा फुटून गावचा शामन, म्हणजे मांत्रिक-वैदू, मेला. त्लिंगिट रिवाजाप्रमाणे लोकांनी काम थांबवलं आणि भरपाई म्हणून २०० ब्लँकेटं मागितली. मृत्यूची भरपाई मागणं हा तिथला कायदाच होता. कंपनीने मात्र गावकऱ्यांनी माणसं ओलीस धरल्याची तक्रार करून अमेरिकी नौदलाला बोलावलं. नौदलाने उलट गावाकडेच ४०० ब्लँकेटांचा दंड मागितला आणि २६ ऑक्टोबरला तोफा डागून गाव जाळलं. सहा मुलं धुरात गुदमरली. हिवाळ्यासाठी साठवलेलं अन्न आणि होड्याही गेल्या. हिवाळ्याच्या तोंडावर होड्या फोडणं म्हणजे समुद्रावर जगणाऱ्या माणसांचे हातपाय तोडणंच, आणि त्या उपासमारीत गेलेल्यांची धड मोजदादही झाली नाही.

एक होडी तेवढी गावाबाहेर होती म्हणून वाचली. तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, बीव्हर या पाण्यात राहणाऱ्या प्राण्याची कोरीव मूर्ती होती. बीव्हर हे इथल्या देशितान कुळाचं चिन्ह. त्या एका होडीवर मासे आणि लाकूड आणून गाव तगलं. पुढे ती तडकली तेव्हा लोकांनी तिला माणसासारखा अग्नी दिला. मूर्ती मात्र कुठे गेली कोणालाच माहीत नव्हतं. १९९९ मध्ये गावची वडीलधारी मंडळी न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयात गेली असताना त्यांनी ती तिथल्या वस्तूंमध्ये ओळखली आणि गावी परत आणली. मला या साऱ्या कहाणीत हाच भाग सगळ्यात मोठा वाटतो.

सरकारने १९७३ मध्ये ९०,००० डॉलर दिले, पण माफी मागितली नाही. ती नौदलाने २०२४ च्या २६ ऑक्टोबरला गावात येऊन मागितली. त्याआधी २०२३ मध्ये गावच्या शाळकरी मुलांनी कोरलेली ओंडक्याची होडी पाण्यात उतरली होती. त्या तोफमाऱ्यानंतरची गावातली अशी पहिलीच.

आता व्यवहाराचं. फेरी रोज नसते, म्हणून आधी वेळापत्रक बघा आणि मग हॉटेल बुक करा. हवा बिघडली तर विमान रद्द होतं, तेव्हा परतीला एक दिवस हाताशी ठेवा. जंगलात एकटे फिरू नका. कोरीव खांब आणि कुळांची घरं यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. ती चिन्हं त्या-त्या कुळाच्या मालकीची असतात. कायाक, म्हणजे वल्ह्याची चिंचोळी होडी, चालवता येत असेल तर तिथल्या माणसाला सोबत घेऊन मिचेल उपसागराकडे जा, पण भरती-ओहोटीची वेळ त्यालाच ठरवू द्या, कारण खाडीतला प्रवाह फार जोराचा असतो.