'सेस्क्विपिडेलियन' या इंग्रजी विशेषणाचा अर्थ काय? सायकलच्या पेडलशी त्याचा काही संबंध आहे का?

पेडलशी संबंध आहे, आणि तोही सख्खा. लॅटिनमध्ये 'पेस' म्हणजे पाय. षष्ठीत त्याचं 'पेदिस' होतं. पेडल, पेडेस्ट्रियन, सेंटिपीड ही सगळी त्याचीच पिलावळ. संस्कृत 'पाद'सुद्धा याच कुळातला.

मला स्वतःला त्यातला 'सेस्क्वि' जास्त आवडतो. 'सेमिस' म्हणजे अर्धा आणि शेवटी चिकटणारा 'क्वे' म्हणजे 'आणि'. झालं 'आणि अर्धा'. आधीचा एक बोलायचाच नाही, तो धरूनच चालायचं. म्हणजे दीड. (रोमनांचं 'सेस्टर्शियस' हे नाणं मुळात अडीच 'आस' (त्यांचंच एक लहान नाणं) किमतीचं, आणि त्या नावाचा अर्थ 'तिसरा अर्धा'. आपलं 'अडीच' आलंय संस्कृत 'अर्धतृतीय'वरून. हिशेब तोच!)

तर 'सेस्क्विपेदालिस' म्हणजे दीड फुटी. रोमन फूट साधारण २९.६ सेंटिमीटरचा, म्हणजे जेमतेम ४४ सेंटिमीटर. हा गवंडी-सुतारांच्या मापाचा शब्द. रोमन बांधकामात या मापाच्या चौकोनी विटेला हेच नाव होतं. इ.स.पू. ५५ मध्ये ज्युलियस सीझरने ऱ्हाइन नदीवर लाकडी पूल बांधला, त्याच्या खांबांची जाडी सांगतानाही त्याने हाच शब्द वापरलाय. टिंगलीचा त्यात लवलेशही नाही.

टिंगल आणली होरेस या कवीने. 'आर्स पोएटिका'त तो म्हणतो, शोकांतिकेतला राजा कंगाल होऊन देशोधडीला लागला की त्याने फुगीर भाषा आणि 'दीड फुटी शब्द' फेकून द्यावेत, नाहीतर त्याचं रडगाणं प्रेक्षकाच्या काळजाला भिडणार नाही. विटेचं माप शब्दाला लावणं ही सगळी गंमत. सतराव्या शतकात इंग्रजीने शब्द उचलला तो या गमतीसकट. विटा आणि खांब मागेच राहिले.

आज तो लांबलचक शब्दाला लावतात, तसाच असे शब्द फेकणाऱ्या माणसाला किंवा त्याच्या शैलीलाही. 'विद्वत्ताप्रचुर' असा आदराचा अर्थ काही ठिकाणी दिलेला दिसतो, तो मला पटत नाही. कुणाच्या लेखनाला हे विशेषण लावलंत तर ते चिमटा काढणंच ठरेल, तेव्हा शिफारसपत्रात वापरू नका.