रिले वाजला की स्विचर गोठतो

प्रश्न : गिटारच्या अँपचे (अॅम्प्लिफायरचे) क्लीन (स्वच्छ) आणि ड्राइव्ह (खरखरीत) आवाजाचे चॅनेल मिडी (वाद्यांमध्ये संदेश पाठवण्याची पद्धत) पेडलने बदलण्यासाठी अर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड), ६एन१३८ ऑप्टोकप्लर (प्रकाशाने संदेश पलीकडे देणारा भाग) आणि रिले (विजेने चालणारा स्विच) वापरून स्विचर केला. रिलेऐवजी एलईडी लावला तर सगळं सुरळीत. रिले लावला की दोन-चारदा टकटक होऊन बोर्ड गोठतो. शिवाय अँपची घरघर वाढली आहे.
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : एलईडी लावून पाहिलंत, हे फार उत्तम केलंत. निम्मं निदान तिथेच झालं. म्हणजे ३१,२५० बॉडने (सेकंदाला इतक्या बिटच्या वेगाने) येणारे मिडी संदेश नीट वाचले जाताहेत. प्रोग्रॅमला हात लावू नका. माझा संशय रिलेच्या कॉइलवर आहे. करंट तुटताच ती उलट दिशेने जोरदार व्होल्टेज फेकते आणि नॅनो गडबडतो. कॉइलच्या दोन टोकांना १एन४००७ डायोड जोडा, रुपेरी पट्टीचं टोक पॉझिटिव्हकडे. डाग देण्याआधी पट्टी पुन्हा बघा, उलटा लागला तर कॉइल चालवणारा ट्रान्झिस्टर जळेल. पुण्याच्या तपकीर गल्लीत हा डायोड सुटा मिळतो. कॉइल थेट नॅनोच्या पिनवर असेल, तर मध्ये बीसी५४७ ट्रान्झिस्टर घाला, त्याच्या बेसला १ किलोओहमचा रेझिस्टर.

घरघरीसाठी मिडी इन सॉकेटची २ नंबरची पिन तपासा. ती ग्राउंडला जोडली असेल तर तोडा. संदेश ४ आणि ५ वरूनच येतो. ऑप्टोकप्लर बसवतात तो ग्राउंड वेगळे राखायला. अँपच्या फूटस्विच जॅकला रिलेचे कॉन्टॅक्ट तेवढे जोडा, नॅनोचं ग्राउंड नको.

आणि कळकळीने सांगते, व्हॉल्व्हचा अँप असेल तर उघडू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट शिल्लक असू शकतात.