बाजार बघायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

शेअर बाजार : वाचकांच्या शंका

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. सहा महिने व्हिडिओ बघतोय, मधल्या सुट्टीत मोबाइलवर भावही बघतो. तरी काही शिकलो असं वाटत नाही. बाजाराच्या वेळेत पडद्यासमोर बसता येत नाही, म्हणून असं होतंय का?
– एक वाचक, विटा

उत्तर : नाही. उलट शाळा तुमच्या पथ्यावरच पडली आहे. सव्वानऊ ते साडेतीन हलते आकडे बघून डोळे दुखतात, एवढंच. शिकायला लागतो तो दिवसाचा पक्का हिशेब, आणि तो संध्याकाळी एनएसईच्या (राष्ट्रीय शेअर बाजाराच्या) संकेतस्थळावर फुकट मिळतो. त्याला ‘भावकॉपी’ म्हणतात. उघडता भाव, दिवसाचा वरचा, खालचा आणि बंद भाव, किती शेअरांचे सौदे झाले, हे सगळं त्यात असतं. डिलिव्हरीचे आकडे असलेली फाइल घ्या. झालेल्या सौद्यांपैकी किती टक्के शेअर खरोखर डीमॅट खात्यांत गेले आणि किती त्याच दिवशी घेऊन विकले गेले, हे त्यावरून कळतं.

आठच शेअर धरा : समजा चार बँका आणि चार वाहन कंपन्या. एकाच क्षेत्रातले चार असले की तुलना करता येते. एखादी बँक १.२ टक्के वाढली म्हणून आपण खूश होतो, पण त्याच दिवशी बँकांचा निर्देशांक १.८ टक्के वाढला असेल, तर तो शेअर मागे पडलेला आहे. एकटाच शेअर बघणाऱ्याला हे दिसत नाही.

आडवी वही घ्या. तारीख, बंद भाव, दिवसाच्या वरच्या-खालच्या भावांच्या पट्ट्यात भाव वर बंद झाला की खाली, उलाढाल (म्हणजे किती शेअरांचे सौदे झाले, रुपये नव्हे), तिची मागच्या २० दिवसांच्या सरासरीशी तुलना, डिलिव्हरीचे टक्के, निर्देशांकातला बदल, एवढे रकाने पुरे. वीस मिनिटांचं काम आहे. उलाढाल सरासरीच्या तिप्पट आणि तरी भाव दिवसाच्या तळाशी बंद, अशा ओळीला खूण करा आणि पुढचे पाच दिवस काय होतं ते बघा. तिमाही संपल्यावर ४५ दिवसांच्या आत कंपनीला निकाल जाहीर करावे लागतात (वर्षाच्या शेवटच्या तिमाहीला ६० दिवस). आठही कंपन्यांच्या निकालाच्या तारखा वहीच्या पहिल्या पानावर हव्यात.

आता सगळ्यात महत्त्वाचा रकाना : अंदाज. बहुतेक जण हाच गाळतात. भाव पडल्यावर बातमी शोधून ‘म्हणून पडला’ म्हणणं हे निरीक्षण नव्हे, ती मनाची समजूत झाली. अंदाज आदल्या संध्याकाळी, शाईने लिहायचा. ‘वाढेल असं वाटतं’ हा अंदाज नाही. ‘बाजाराच्या पुढच्या १० दिवसांत ४२८ च्या वर बंद होईल, त्याआधी ४०२ च्या खाली बंद झाला तर मी चुकलो’ हा अंदाज. असे ४० झाले की बेरीज करा. बरोबर किती आले याहून चुका कोणत्या प्रकारच्या झाल्या ते जास्त शिकवतं : निकालाच्या आदल्या दिवशीचे सगळे चुकले का, सगळा बाजार पडत असताना एकच शेअर वाढेल असं लिहिलं होतं का? तीन महिने हे करा, मग खातं उघडायचं बघू.

प्रश्न : वहीवर इंट्राडेचे (त्याच दिवशी घेऊन विकायचे) सौदे केले, निम्मे जिंकले, निम्मे हरले, हिशेब बरोबरीत होता. तीच पद्धत खऱ्या पैशांनी केली तर खातं रिकामं होत चाललंय. मन खंबीर नाही असं मित्र म्हणतात.
– एक यंत्रमागधारक, इचलकरंजी

उत्तर : मनाचं नंतर बघू, आधी हिशेब करू. ४०० रुपयांचे १०० शेअर घेतले, ४०२ ला विकले. वहीत नफा २०० रुपये.

पण ४०० हा शेवटच्या सौद्याचा भाव. त्या क्षणी घेणारा ३९९.८० देत असतो आणि विकणारा ४००.२० मागत असतो. लगेच घ्यायचे तर ४००.२० मोजावे लागतात, विकताना ४०१.८० हाती येतात. म्हणजे ४० रुपये इथेच गेले. पुढे खर्च : दलाली दर बाजूला ०.०३ टक्के धरली तर सुमारे २४ रुपये. विक्रीवर एसटीटी (शेअर सौद्यांवरचा सरकारी कर) ०.०२५ टक्के म्हणजे १० रुपये. खरेदीवर मुद्रांक शुल्क सव्वा रुपया. बाजाराचं शुल्क अडीच रुपयांच्या आत. दलाली आणि शुल्कावर १८ टक्के जीएसटी, पावणेपाच रुपये. सगळे मिळून साधारण साडेबेचाळीस. २०० च्या नफ्यातले ११७.५० उरले.

हरलेल्या सौद्यात हीच रक्कम उलटी लागते : वहीत २०० चा तोटा, खात्यात २८२.५० चा. एक जिंकला, एक हरला की वही बरोबरीत आणि खातं १६५ रुपयांनी कमी. नुसतं बरोबरीत राहायचं तरी तुम्हाला १० पैकी ७ हून जास्त सौदे जिंकावे लागतील. सूत घेताना दलाली आणि भाडं धरल्याशिवाय तुम्ही मीटरचा भाव सांगत नाही, मग इथे का?

शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या जुलै २०२४ च्या अहवालानुसार २०२२-२३ मध्ये शेअरांचे इंट्राडे सौदे करणाऱ्या दर १० जणांपैकी ७ तोट्यात होते, आणि सौद्यांची संख्या वाढली की तोट्यातल्यांचं प्रमाणही वाढत होतं. वहीत खरेदी नेहमी विकणाऱ्याच्या भावाने, विक्री घेणाऱ्याच्या भावाने मांडा, आणि दोन रुपयांसाठी सौदा करू नका. लक्ष्य ८-१० रुपयांचं असेल तर साडेबेचाळीस रुपये फारसे बोचत नाहीत.

प्रश्न : ५०० ला घेतलेल्या शेअरला ४८० चा स्टॉप लॉस लावला होता. भाव ४६५ वर आला तरी शेअर विकले गेलेच नाहीत. ब्रोकरची चूक ना?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : स्टॉप लॉस म्हणजे ठरलेल्या भावापर्यंत घसरण झाली की विकायची आधीच देऊन ठेवलेली ऑर्डर. ती कशी भरली होती ते आधी बघा. स्टॉप लॉस लिमिट ऑर्डरमध्ये दोन भाव भरायचे असतात : ट्रिगर आणि लिमिट. ट्रिगर ४८० आणि लिमिट ४७९ असेल, तर ४८० ला ऑर्डर जागी होते, पण ‘४७९ च्या खाली विकू नका’ असंही तुम्हीच सांगितलेलं असतं. सकाळी भाव थेट ४६५ ला उघडला तर ४७९ देणारा कोणी नसतो आणि ऑर्डर तशीच लटकते. लिमिट ट्रिगरपासून जरा लांब ठेवा. साध्या ऑर्डरची मुदत त्या दिवसापुरतीच असते हेही विसरू नका. काल लावलेली आज नसते. आणि खालचं सर्किट (एका दिवसात भाव जास्तीत जास्त किती पडू शकतो ती मर्यादा) लागलं की घेणाराच नसतो, तिथे कुठलीही ऑर्डर मदतीला येत नाही.

म्हणून बचाव खरेदीच्या संख्येत असतो. भांडवल ५०,००० असेल तर एका सौद्यात १ टक्का, म्हणजे ५०० रुपये, पणाला लावा. ५०० आणि ४८० मध्ये अंतर २० चं, म्हणून शेअर २५. भाव ४६५ ला उघडलाच, तर तोटा ८७५ होईल. दुखेल, पण खातं शाबूत राहील. ३ जून २०२४ ला निफ्टी सव्वातीन टक्के चढला आणि दुसऱ्या दिवशी, लोकसभेच्या निकालाला, जवळपास सहा टक्के कोसळला. त्या दोन दिवसांचे आकडे आपल्या आठ शेअरांसाठी काढून बघा.

प्रश्न : वीस हजार आहेत. ऑप्शनवर हात बसवावा का? की आधी आभासी पैशांचं ॲप वापरू?
– एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : दोन्ही नको. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये (पुढच्या भावावर केलेल्या करारांच्या बाजारात) उतरलेल्या वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, हा सेबीचाच आकडा. खऱ्या भावांवर आभासी सौदे करायला लावणाऱ्या ॲपांबद्दलही सेबीने नोव्हेंबर २०२४ मध्ये सावध केलं आहे. वही-पेन पुरतं. अभ्यासाला दिशा हवी असेल तर एनआयएसएम या सेबीच्या प्रशिक्षण संस्थेमार्फत होणारी सेबीची गुंतवणूकदार प्रमाणपत्र परीक्षा द्या, तिला फी नाही.

प्रश्न : माझ्या वहीत रिलायन्स ऑक्टोबर २०२४ मध्ये एका दिवसात निम्म्यावर आलाय. चार्टवर मात्र तशी घसरणच नाही. वही चुकली का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : दोन्ही बरोबर आहेत. २८ ऑक्टोबर २०२४ पासून तो शेअर एकास एक बोनस (प्रत्येक शेअरमागे एक शेअर फुकट) वजा करून चालू लागला. शेअर दुप्पट झाले, भाव निम्मा झाला. चार्टवाले मागचे सगळे भाव आपोआप निम्मे करतात, वहीला ते हाताने करावं लागतं. त्या तारखेवर आडवी रेघ मारा, वरच्या भावांना दोनने भागा आणि उलाढालीच्या आकड्यांना दोनने गुणा. उलाढालीचं राहून गेलं, तर पुढचे २० दिवस सरासरी खोटी निघेल.