मानवी जीनोम २००३ मध्येच वाचून झाला होता, मग २०२२ मध्ये तो पुन्हा ‘पूर्ण’ कसा झाला?

जीनोम म्हणजे आपल्या डीएनएतला सगळा मजकूर. तो पूर्ण वाचल्याचं वर्ष पाठ्यपुस्तकात २००३ आणि बातमीत २०२२ हे वाचून तुम्हाला शंका आली की पहिला दावा खोटा होता का. नव्हता. त्या वेळच्या यंत्रांना जेवढं वाचणं शक्य होतं तेवढं वाचून झालं होतं, आणि ते साधारण ९२ टक्के होतं.

त्या वेळी डीएनए वाचायला सँगर पद्धत वापरत. तिच्यात एका दमात काहीशे अक्षरंच (डीएनएचे रासायनिक घटक) वाचता येतात, आणि आपल्या डीएनएत अक्षरं आहेत तीनशे कोटींहून जास्त. म्हणून आधी नकाशा लागला. डीएनएचे लाख-दीड लाख अक्षरांचे तुकडे जिवाणूंमध्ये वाढवायचे, कुठला तुकडा कुठल्या गुणसूत्रावर कुठे बसतो ते ठरवायचं, मग तो बारीक तोडून वाचायचा आणि सारखी टोकं जुळवत ओळ सांधायची. १९९० पासून अमेरिका, ब्रिटन, जपान, फ्रान्स, जर्मनी आणि शेवटी सामील झालेला चीन, अशा सहा देशांतल्या संस्थांनी मानवी जीनोम प्रकल्पाचं हे काम वाटून घेतलं.

ही जुळणी अडली सेंट्रोमिअरपाशी. गुणसूत्राच्या या भागात सुमारे १७१ अक्षरांचा एकच मजकूर थोड्याफार फरकाने हजारो वेळा येतो. सरळ रेल्वेरुळाचे तुकड्यातुकड्यांनी फोटो काढले तर कुठला फोटो कुठला, हे कोण सांगणार? तिथे मोकळ्या जागा राहिल्या. त्या लपवल्या मात्र नाहीत. २००४ च्या शोधनिबंधात ३४१ जागा उरल्याचं स्पष्ट लिहिलंय.

या प्रकल्पातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट यंत्रांशी संबंधित नाहीच. १९९६ मध्ये बर्म्युडाला शास्त्रज्ञांनी ठरवलं की जुळवलेला मजकूर शक्यतो २४ तासांत सर्वांसाठी खुला करायचा. सेलेरा ही खासगी कंपनी स्पर्धेत उतरल्यावरही या सार्वजनिक प्रकल्पातल्या प्रयोगशाळांनी हा नियम पाळला. त्यामुळे पुढच्या पिढीला कोऱ्या पाटीवरून सुरुवात करावी लागली नाही.

पुढे एका दमात हजारो, कधी लाखाहून अधिक अक्षरं वाचणारी यंत्रं आली. कॅरेन मिगा आणि अ‍ॅडम फिलिपी यांच्या गटाने त्यांच्या जोरावर २०२२ मध्ये जवळपास २० कोटी अक्षरांची भर घातली. त्यांनी वापरलेल्या पेशींमध्ये गुणसूत्रांचा पित्याकडून आलेला एकच संच दुप्पट झालेला होता. त्यामुळे आई-वडिलांकडून येणाऱ्या दोन प्रतींतल्या फरकांचा घोळ टळला, पण वाय गुणसूत्र त्यांत नव्हतंच. ते दुसऱ्या व्यक्तीच्या डीएनएवरून २०२३ मध्ये पूर्ण झालं.