गूळ देवीला का?

प्रिय बाय,

वहीच्या पानावर लिहिलेली तुझी चिठ्ठी आईने फोटो काढून पाठवली. मी ती दोनदा वाचली, एकदा जेवायच्या आधी आणि एकदा जेवून झाल्यावर. तू लिहिलं आहेस, ‘बाबा, गॅदरिंगचं सूत्रसंचालन मी केलं. पाठ मी केलं, घाबरलेसुद्धा मीच. आणि आजी म्हणते, चल, देवीला नारळ ठेवून येऊ, तिनेच तुला बोलती केली. लहानपणी माझ्या वजनाचा गूळही तुम्ही तिलाच दिलात. आपल्यात असं का करतात? मग माझं काय?’

आधी तुझं. आईने केलेलं शूटिंग मी इतक्या वेळा पाहिलं की आता मलाही ते पाठ झालं आहे. मध्येच माईक बंद पडला तेव्हा तू मागे वळून बाईंकडे पाहिलं नाहीस. आवाज चढवलास आणि पुढच्या नाचाचं नाव घेतलंस. ते धैर्य तुझं. त्यात दुसऱ्या कुणाचा वाटा नाही, हे मी इथे मस्कतमध्ये बसून लेखी देतो.

आता गुळाचं. त्यासाठी तुला आठवत नाही त्या दिवसांत जावं लागेल.

तू अडीच वर्षांची झालीस तरी बोलत नव्हतीस. हसायचीस, आईचं बोट धरून तिला फ्रिजपर्यंत न्यायचीस, हवं ते मिळालं नाही की जमिनीवर लोळण घ्यायचीस, पण तोंडातून शब्द निघत नव्हता. मुलं वर्षाच्या आसपास पहिला शब्द बोलतात आणि दोन वर्षांची होईपर्यंत दोन शब्द जोडू लागतात, हे आम्हाला नंतर नीट कळलं. तेव्हा एका नातलगाने सांगितलं, ‘आमच्यात सगळे उशिराच बोलतात, थांबा.’ त्या थांबण्यात सहा महिने गेले. त्याचं मला अजून वाईट वाटतं. आणखी कुणी म्हणालं, घरात कोंकणी, गोष्टी आणि आरत्या मराठीत, टीव्ही हिंदीत, पोर गोंधळली आहे. तिच्याशी नुसतं इंग्रजी बोला. आईने आठ दिवस तेही केलं. तुला न्हाऊ घालताना काय बोलावं ते तिला सुचेना. घर गप्प झालं.

मग तुझे कान तपासले. बोलण्याआधी ऐकू येतं का ते पाहायचं, हा त्यातला पहिला नियम. कान उत्तम होते. पणजी शहरातल्या ज्या स्पीच थेरपिस्ट बाईंकडे तू जाऊ लागलीस, त्यांनी पहिल्याच दिवशी आईच्या मनावरचं एक ओझं उतरवलं. घरात दोन भाषा आहेत म्हणून मूल उशिरा बोलत नाही, त्या म्हणाल्या. ज्या भाषेत तुम्ही तिला झोपवता, रागावता, ओवाळता, त्याच बोला, आणि भरपूर बोला.

नवस आजीने केला तो याच सुमाराला. तिने मला फोनवर सांगितलं तेव्हा मी चिडलो. म्हटलं, आई, इथे तपासण्या चालल्या आहेत आणि तू गूळ बोलतेस? कौल कधी लावतेस, तेही सांग. आजी शांतपणे म्हणाली, ‘कान दोतोर पळोवंदी. उरिल्लें हांव पळयतां.’ कान डॉक्टरला पाहू दे, राहिलेलं मी पाहते. कौल तिने लावला नाही. जे डॉक्टरला विचारायचं ते देवीला विचारायचं नसतं, असं तिचं म्हणणं. देवीला फक्त सांगायचं.

ते ‘राहिलेलं’ म्हणजे काय, हे मला पुढे दीड वर्षात कळलं. आई अर्धा दिवस रजा काढून आठवड्यातून दोनदा तुला फोंड्याहून पणजीला न्यायची. येताना तू बसमध्ये झोपायचीस आणि आईला रडू यायचं, कारण आजही काही नाही. घरी आल्यावर आजी विचारायची नाही, ‘बोलली का?’ भात वाढायची. संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लावताना तुला कडेवर घ्यायची आणि रोज तेच सांगायची, दिवा, तुळस, फूल, पाणी. थेरपिस्ट बाईंनी सांगितलेला अभ्यासच तो, पण रोज न चुकता, न कंटाळता करायला कुठून तरी बळ लागतं. आजीला ते त्या नवसातून मिळालं. वाट पाहायला तिच्याकडे एक जागा होती. माझ्याकडे तशी जागा नव्हती; मी इथे रात्री उठून फोनवर लेख वाचत बसायचो.

आणि मग पोदेर, आपला पाववाला.

बाईंनी आईला सांगितलं होतं, अवघड शब्द बाजूला ठेवा, आधी आवाज घ्या. गाय हम्मा, मांजर म्याँव. आवाज केल्यावर थांबा, मनात पाचपर्यंत मोजा, मुलीला तिची पाळी द्या. ती पाळी महत्त्वाची; आपण मोठी माणसं ती खाऊन टाकतो. सकाळी साडेसहाला पोदेर सायकलवरून यायचा, मागे निळं प्लास्टिक झाकलेली टोपली, हॉर्न वाजवत. आई तुला घेऊन पायरीवर बसायची. हॉर्न वाजला की म्हणायची, ‘पों.’ मग पाच मोजायची. कितीतरी सकाळी ती नुसतीच मोजत राहिली. पोदेरला हे कळलं तेव्हा तो आपल्या फाटकापाशी आल्यावर एकदा जास्त वाजवून थांबू लागला. त्याला घाई असते, पाव गरम असतानाच पुढची घरं गाठायची असतात, तरी तो सायकल धरून थांबायचा.

एका सकाळी आईने चार मोजले आणि तू म्हणालीस, ‘पों.’

आईने मला फोन लावला तेव्हा इथे पहाट होती. ती काही बोलूच शकेना. मला वाटलं, काहीतरी झालं. मग तिने फोन तुझ्यापुढे धरला. माझ्या मुलीचा पहिला शब्द मी असा ऐकला, समुद्रापलीकडून, आणि तो शब्दसुद्धा नव्हता. तरी त्या दिवशी कामावर सगळ्यांना खजूर वाटले.

त्यानंतर दार उघडल्यासारखं झालं. एकदम नाही, पण उघडलं. साडेचार वर्षांची झालीस तोवर तू पूर्ण वाक्यं बोलत होतीस, आणि गणेशचवथीच्या रजेत मी आलो तेव्हा आजी म्हणाली, आता देणं फेडू या.

कवळ्याच्या शांतादुर्गेच्या देवळात तुझा तुलाभार केला. एका पारड्यात तू, मांडी घालून, हिरव्या परकरात, साखळ्या दोन्ही हातांनी घट्ट धरून. दुसऱ्यात गुळाच्या ढेपा. साडेपंधरा किलो भरलीस. पारडं वर आलं तशी तू घाबरून माझ्याकडे पाहिलंस, आणि काटा जवळजवळ सरळ झाला तेव्हा भटजींनी ढेपांवर एक फूल ठेवलं. तू खणखणीत आवाजात म्हणालीस, ‘आजी, सगळो गूळ म्हजो?’ मंडपातली माणसं हसली. आजी हसली नाही. तिने डोळे मिटून हात जोडले होते आणि तिच्या ओठांची हालचाल थांबत नव्हती.

त्या देवळाबद्दल तू शाळेत शिकशील किंवा शिकली असशील. देवी मूळची साष्टीतल्या केळशीची. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी देवळं पाडायला घेतली तेव्हा माणसांनी तिला जुवारी नदी ओलांडून अंत्रूज महालात, म्हणजे आपल्या फोंड्याकडे आणलं. आज उभं आहे ते देऊळ १७३८ सालचं, सातारच्या शाहू महाराजांच्या काळातलं. आजी हे एका वाक्यात सांगते, आपण देवीला सांभाळलं आणि देवीने आपल्याला. तिच्या मनात देवी ही दूर बसलेली कुणी मोठी बाई नाही. घरातलीच एक आहे, जिच्याशी देणंघेणं चालतं.

आता गुळाचं पुढे काय झालं ते ऐक, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. प्रसाद म्हणून थोडा गूळ परत मिळाला. आजीने घरी येऊन तो फोडला आणि वर्तमानपत्राच्या कागदात पुड्या बांधल्या. एक थेरपिस्ट बाईंना. एक पणजी बसच्या त्या कंडक्टरला, जो तू झोपलेली असलीस की आईला खिडकीजवळची जागा करून द्यायचा. एक शेजारच्या आंटीला, जिने तुझ्यासाठी वाड्यावरच्या खुरसापाशी, म्हणजे क्रूसापाशी, किती मेणबत्त्या लावल्या ते तिने कधी सांगितलं नाही, आपल्याला दुसऱ्यांकडून कळलं. एक बालवाडीच्या बाईंना. पोदेरची पुडी आजीने स्वतः पायरीवर उभं राहून दिली. त्याने ती तिथेच उघडली, खडा तोंडात टाकला आणि म्हणाला, ‘देव बरें करूं.’

हे शब्द तू रोज ऐकतेस, म्हणून त्यांच्याकडे लक्ष गेलं नसेल. आपल्या गोव्यात आभार मानायचे तर असेच मानतात, हिंदू असो की ख्रिस्ती. देव तुमचं बरं करो. समोर माणूस उभा असतो, उपकार त्याने केलेला असतो, आणि आपण नाव देवाचं घेतो. त्या माणसाला वाईट वाटतं का? आजवर कुणाला वाटलेलं मी पाहिलं नाही. त्याला कळतं की हे माझ्यासाठीच आहे, फक्त मोठ्या हातून दिलं आहे. आजी देवीला नारळ ठेवते तेव्हा ती तुझ्या हातचं काढून देवीला देत नाही, बाय. पोदेरने थांबून दिलेली ती मिनिटं, आईने काढलेल्या रजा, कंडक्टरची ती जागा, हे सगळं फेडायचं कुठे? प्रत्येकाला वेगळं फेडायला गेलं तर हिशेब लागत नाही. म्हणून एका ठिकाणी ठेवायचं, आणि तिथून जे परत येईल ते वाटायचं.

मी इथे ऑफिसात दिवसभर ‘थँक यू’ म्हणतो आणि ते म्हणायलाच हवं. आपल्या घरात मात्र तो शब्द कुणी कुणाला म्हणताना तू ऐकला नसशील. मी दहावी पास झालो तेव्हा माझ्या वडिलांनी मला एक शब्द सांगितला नाही. गुणपत्रिका देवापुढे ठेवली, हातावर साखर ठेवली, आणि शेजारी चार घरी जाऊन ये म्हणाले. तुझ्या उष्टावणाला मामाने खिरीचं बोट तुझ्या जिभेला लावलं, तेव्हाही आधी पान देवाला दाखवलं आणि मग पंगत बसली. आपल्यात कुणाचं काही चांगलं झालं की घरातून काहीतरी गोड बाहेर जातं. त्यात तुझं नाव असतंच. पेढा कशाचा, हे विचारल्याशिवाय कुणी खात नाही.

तुला देवीने बोलती केली का, असं तू मला सरळ विचारशील तर मी सांगेन, आईने, त्या बाईंनी आणि तू. आजी सांगेल, देवीने. आम्ही दोघं यावरून भांडत नाही, आणि तू कुणाचं खरं मानायचं ते मोठी झाल्यावर ठरव.

पण नारळ ठेवायला जा. आणि या वेळी तो आजीच्या हाती देऊ नकोस, तूच धर, शेंडी देवीकडे करून. आजी गाऱ्हाणं घालेल तेव्हा तूही तुझं बोल, मोठ्याने, कोंकणीत की मराठीत ते तूच ठरव. माईक बंद पडला तेसुद्धा सांग. परत आलेली खोबऱ्याची एक कवड पोदेरसाठी ठेव. म्हातारा झाला आहे तो, आईने सांगितलं, आता त्याचा मुलगाही कधीकधी येतो, पण तू पायरीवर दिसलीस तर तो सायकल अजून थांबवतो म्हणे.

देवळातून आलीस की फोन कर. तुझे नऊ वाजले की इथे साडेसात झालेले असतात, मी निघायच्या तयारीत असतो, पण उचलेन.

तुझा
बाबा