बेपत्ता काका आणि सातबाऱ्यावरचं नाव

प्रश्न : माझे काका सैन्यात सेकंड लेफ्टनंट होते. डिसेंबर १९७१ मध्ये छांब भागातल्या लढाईत ते बेपत्ता झाले. वय २३, अविवाहित. पुढे ‘बेपत्ता, मृत समजण्यात येत आहे’ असं पत्र आलं आणि आजीला पेन्शन सुरू झालं. १९६९ च्या वाटपात त्यांना मिळालेली तीन एकर जमीन अजून त्यांच्याच नावावर आहे. आजोबा १९८५ मध्ये, आजी १९९४ मध्ये आणि माझे वडील २००३ मध्ये वारले. आता आत्या एकट्याच उरल्या आहेत. तलाठी मृत्यूचा दाखला मागतात. गावातले एकजण म्हणतात, ‘घरी वारले’ असं लिहून दाखला काढू. आत्या मात्र सही करत नाहीत. म्हणतात, “दादा गेला असं मी लिहून देणार नाही.” काय करावं?

उत्तर : ‘घरी वारले’ हा विचार आधी सोडून द्या. रणांगणावर हरवलेल्या माणसाचा खोटा मृत्यू नोंदवणं हा गुन्हा आहे. शिवाय ती तारीख सैन्याच्या कागदांशी जुळणार नाही आणि तुमचा खरा हक्कही त्यात बुडेल.

आत्यांवर सहीसाठी दबाव आणू नका. त्याची गरजच नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १११ (जुन्या कायद्यातलं १०८) कुणाला ‘तो गेला’ असं म्हणायला लावत नाही. माणूस हयात असता तर ज्यांना साहजिकच त्याची खबर लागली असती, त्यांना सात वर्षं काही कळलं नसेल, तर तो हयात असल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते. “दादाचं पत्र नाही, निरोप नाही” एवढं आत्या खरेपणानं सांगू शकतील. तेही नको असेल तर काका मृत असल्याच्या घोषणेसाठी जो दिवाणी दावा लावाल, त्यात त्यांना प्रतिवादी करा. त्या गप्प राहिल्या तरी न्यायालय पुराव्यावरून ठरवेल. सात वर्षांवरून धरलेलं मृत्यूचं हे गृहीतक पुराव्यानं खोडता येतं, हेही त्यांना जरूर सांगा. १ डिसेंबर १९७२ ला आपले युद्धकैदी परतले तेव्हापासून वाट पाहणाऱ्या बहिणीला या वाक्याचा आधार वाटेल.

खरी गोम तारखेत आहे. या कलमावरून मृत्यू गृहीत धरता येतो, मृत्यूची तारीख नाही. एलआयसी विरुद्ध अनुराधा (२००४) या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलं आहे. तारीख सांगणाऱ्यानंच ती सिद्ध करायची. काका आजीच्या आधी गेले असं ठरलं, तर हिंदू वारसा कायद्यानुसार जमीन एकट्या आजीकडे गेली, कारण आई पहिल्या वर्गातली वारस आणि वडील दुसऱ्या. आजीच्या पश्चात ती तुमच्या वडिलांना आणि आत्यांना निम्मी निम्मी. पण पुराव्याअभावी दावा दाखल झाल्याचा दिवस धरला गेला, तर त्या दिवशी हयात असलेल्या आत्या एकट्या वारस ठरतात. पुतण्याचा क्रम बहिणीनंतर लागतो, म्हणजे तुमच्या हाती काहीच येणार नाही.

ही गोष्ट आत्यांपासून लपवू नका. त्यांना स्वतःचा वकील घ्यावासा वाटला तर घेऊ द्या.

तारखेसाठी आजीचा पेन्शनचा आदेश आणि ते पत्र सगळ्यात मोलाचं. घरी नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत सेना मुख्यालयाच्या ॲडज्युटंट जनरल शाखेकडे मागा. पाकिस्तानच्या कैदेत असल्याचं सरकार मानत आलेल्या ५४ जणांच्या यादीत काकांचं नाव नाही ना, हेही पाहा. असेल तर सरकारचीच दोन म्हणणी एकमेकांना छेद देतील आणि तुमच्या वकिलाला त्याची तयारी आधी करावी लागेल.

तलाठ्यांचा नकार लेखी घ्या. घोषणेच्या दाव्याची तीन वर्षांची मुदत मोजताना तो कागद लागेल. दावा जमीन जिथे आहे तिथल्या दिवाणी न्यायालयात. नुसती मृत्यूची घोषणा मागू नका, तारीख आणि वारसहक्कही मागा. केंद्र सरकारलाही पक्षकार करा, म्हणजे सैन्याचे कागद न्यायालयासमोर येतील. त्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस आधी द्यावी लागते. हुकूमनामा हाती आला की मृत्यूनोंद आणि फेरफार, दोन्ही त्याच्या आधारे होतील.

काकांची जुनी पत्रं, आलेली तार हे सगळं बहुधा आत्यांच्याच ट्रंकेत असेल. पहिल्या भेटीत फक्त ते पाहायला मागा. वकीलपत्राचं नंतर बोला.