कुंडीत निघालेला वाळा

प्रश्न : जास्वंदाची कुंडी बदलताना मातीतून गांडुळासारखं काळं, चकचकीत काहीतरी निघालं. जीभ बाहेर काढत होतं. हे कुठल्या सापाचं पिल्लू? (डोंबिवली)

उत्तर : पिल्लू नव्हे, बहुतेक पूर्ण वाढलेला वाळाच. त्याची लांबी साधारण 12 ते 17 सेंटिमीटर आणि जाडी बॉलपेनच्या रिफिलएवढी असते. गांडूळ ओलं, बुळबुळीत असतं, अंगावर वळ्या असतात आणि ते लांब-आखूड होत सरकतं. वाळा कोरडा असतो. त्याची लांबी बदलत नाही, तो नागमोडी वळवळतो. भिंगातून पाहिलंत तर डोक्यावरच्या खवल्याखाली दोन काळे ठिपके दिसतील. तेच त्याचे डोळे. उजेड आणि अंधार यांतला फरक कळण्यापुरते.

कुंडीत तो आला मुंग्या-वाळवीच्या मागे. त्यांची अंडी, अळ्या आणि कोष हेच त्याचं अन्न. मोठी वाळवी मिळाली, तर तिचं डोकं जमिनीवर घासून तोडायचं आणि मऊ धड गिळायचं, असंही तो करतो. झाडाच्या मुळांना तो तोंड लावत नाही. त्यामुळे कुंडी फेकू नका. मुंग्यांनी मातीत घर केलं असेल तर तेवढी माती बदला.

प्रश्न : पावसाळ्यात न्हाणीघराच्या जाळीतून वाळे येतात. ते कानात शिरतात, शेपटीच्या काट्यानं डंख मारतात असं ऐकलंय. मीठ टाकलं तर चालेल का? (चिपळूण)

उत्तर : मीठ, फिनेल, उकळतं पाणी, यातलं काहीही नको. जमिनीत पाणी भरलं की तो बिळातून वर येतो, एवढंच. तो बिनविषारी आहे. तोंड इतकं बारीक की माणसाला चावणं त्याला जमतच नाही. शेपटीच्या टोकाला काटा असतो हे खरं, पण तो माती रेटताना टेकू घेण्यासाठी. मुठीत धरलात तर तो काटा टोचल्यासारखा लागतो, त्यात विष नसतं. कान तो शोधत येत नाही, त्याला ओलसर माती हवी असते.

झाडूनं लोटू नका, काड्यांत अडकून चिरडतो. जाड कागद त्याच्या पुढ्यात सरकवा, मागून दुसऱ्या कागदानं हलकेच ढकला. मगमध्ये दोन बोटं ओली माती घालून त्यात सोडा आणि लगेच सावलीतल्या पालापाचोळ्याखाली नेऊन ठेवा. तापलेल्या फरशीवर तो लवकर सुकून मरतो. जाळीवर बारीक तारेची दुसरी जाळी बसवलीत की येणं थांबेल.

प्रश्न : सगळे वाळे माद्याच असतात, हे खरं का? (पुणे)

उत्तर : कुंडीत सापडणाऱ्या या जातीपुरतं खरं आहे. आपण ‘तो वाळा’ म्हणतो, पण असते ती मादीच. नराशिवाय ती मोजकी अंडी घालते आणि त्यांतून निघणाऱ्या पिल्लांत तिचीच गुणसूत्रं उतरतात. बहुतेक सापांत गुणसूत्रांचे दोन संच असतात, हिच्यात तीन, एकूण 42.

म्हणूनच एक वाळा एका कुंडीतून परदेशी गेला तरी तिथे नवी वस्ती उभी राहते. दोडँ या फ्रेंच अभ्यासकानं 1803 मध्ये या सापाला शास्त्रीय नाव दिलं, तेही विशाखापट्टणमच्या सापावरून. आज रोपांच्या मातीतून तो आफ्रिका, हवाई, फ्लोरिडा, मेक्सिकोपर्यंत पोचला आहे. इतक्या दूरवर पसरलेला दुसरा भूचर साप नाही. आपल्याकडचा चंचुवाळा मात्र वेगळा. त्याचं नाक चोचीसारखं पुढे आलेलं असतं आणि तो दोन फुटांपर्यंत वाढतो.

प्रश्न : वाळा समजून विषारी साप हातात घेतला, असं होऊ शकतं का? (सावंतवाडी)

उत्तर : होतं, आणि तो बहुधा पोवळा असतो. तोही काडीसारखा बारीक आणि मातीत, दगडाखाली राहणारा. पण डोकं-मान काळी, अंग फिकट तपकिरी, शेपटीवर दोन काळी कडी आणि पोट पोवळ्यासारखं लाल. डिवचला की शेपटी गोल वळवून खालची बाजू दाखवतो. वाळा डोक्यापासून शेपटीपर्यंत एकरंगी असतो, त्याला मान दिसत नाही. पोवळ्याचं तोंड लहान, दंश क्वचितच होतो. पण आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्यासाठी बनतं, पोवळ्यासाठी नाही. शेपटीवर कडी दिसली, की कागद-मगही बाजूला ठेवा आणि सर्पमित्राला बोलवा.